उणंदुणं

यार्कोने दोन वर्षं सौना पेटवलेला नाही,
हे मला शेजारच्या एल्वीकडून कळलं.
आमच्या गावात माणूस जेवला की नाही
हे कोणी विचारत नाही,
पण शनिवारी धुराडं थंड दिसलं तर फोन येतो.

औलूहून केमीपर्यंत शंभर किलोमीटर.
गाडीच्या पडद्यावर आकडा: उणे बावीस.

त्याने कॉफी ठेवली,
हवेबद्दल बोलला, माझ्या टायरांबद्दल बोलला.
मी सौनाचं दार ओढलं
आणि पाकिटं माझ्या बुटांवर घसरली.
बाकांवर, लाकडी बादलीत,
भट्टीच्या तोंडात कोंबलेली,
प्रत्येकाला प्लॅस्टिकची खिडकी,
प्रत्येक खिडकीत माझ्या भावाचं नाव.

सव्वीस वर्षं गिरणीत कागद केला त्याने.
आताही एक पत्र अंगठ्याने चोळून म्हणाला,
ऐंशी ग्रॅम. हलका माल.

मी उणंदुणं काढायला आले नव्हते.
नुसतं उणं मोजायला आले होते.
पण दुणं निघालंच:
गिरणी बंद पडली तेव्हाचे दोन हजार,
त्यांचे चार, चारांचे नऊ,
एकाचं तोंड बुजवायला दुसरं,
रात्री फोनवर, पंधरा मिनिटांत खात्यात.
एक स्नोमोबाइलचं, जी कधीच विकली.
एक दातांचं.
एक मुलीच्या लग्नाचं.
"बाप म्हणून काही..." म्हणाला,
आणि पुढचं वाक्य कॉफीत बुडवलं.

मी आधीच सांगून टाकलं,
जामीन राहणार नाही.
पैसेही देणार नाही.
आहेत माझ्याकडे, म्हणून तर नाही.
बसेन मात्र. सगळं उघडेपर्यंत बसेन.

पहिली वीस मी फोडली.
मग मासे साफ करायची सुरी त्याच्या हातात दिली.
स्वयंपाकघराच्या फरशीवर नऊ ढीग,
देणेकऱ्याला देणेकरी भिडलेला,
आम्ही गुडघ्यांवर, लहानपणी पत्ते मांडायचो तसे.
तेव्हाही तो हरायला लागला की
पानं सतरंजीखाली सरकवायचा.

चारच्या सुमाराला, अंधार पडून तास झाल्यावर,
बिनखिडकीचं एक हाती आलं.
अक्षर माझं.
तीन नाताळांपूर्वीचं.
आत पन्नासची नोट
आणि एक ओळ: एकदा येऊन जा, जागा भरपूर आहे.

तो सुरीच्या पात्याकडे बघत राहिला.
"मला वाटलं, तूही मागतेयस.
ते सहाशे."

सहाशे मी विसरले नव्हते.
खोटं कशाला सांगू.
कितीदा गाडी चालवताना मनात
त्यांच्यावर व्याजसुद्धा लावलं होतं.

नोट टेबलावर पडून राहिली.
तिला कोणत्या ढिगात घालायचं
ते दोघांनाही ठरवता येईना,
तेव्हा त्याने तिच्यावर साखरेचं भांडं ठेवलं.

गुरुवारी दहा वाजता कर्ज-सल्ल्याच्या ऑफिसात
मॅलिनेन नावाची बाई भेटेल. फुकट.
मी फोन त्याच्यापुढे धरला, वेळ त्याने मागितली,
आपलं नाव सांगताना दोनदा घसा खाकरला.

पत्रं फाइलमध्ये गेली, तारखेप्रमाणे.
रिकामी पाकिटं उरली, पोतंभर.
खिडक्या आधी फाडून काढ, म्हणाला,
प्लॅस्टिक जळलं की वास राहतो.
पुन्हा बसलो. पुन्हा फाडत.
बाहेर एल्वीच्या खिडकीतला पडदा हलला.

तो आत गेला. मी दाराबाहेर बाकावर,
ओलं मोजे सोडून, मांडीवर वही.
लाकूड तडतडलं, दोन वर्षांची थंडी
भिंतींतून कुरकुरत निघाली.

बराच वेळ काही नाही.
मग दारापलीकडून, चुलत्याच्या आवाजात:
"सगळे मिळून किती?"

त्याने हे कधीच विचारलं नव्हतं.
मी वही उजेडाकडे धरली
आणि आकडा वाचला, शेवटच्या सेंटपर्यंत.

आत दगडांवर पाणी पडलं.